वजन उतरवताना तेल-तूप किती खायचं?

आकडा आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. वजन कमी करायच्या दिवसांत बहुतेक बायकांना दिवसाला ३५ ते ४५ ग्रॅम आणि बहुतेक पुरुषांना ४५ ते ६० ग्रॅम एकूण फॅट पुरतं. यात कढईतलं तेल आलं, पोळीवरचं तूप आलं, शिवाय दूध, शेंगदाणे, खोबरं, अंडी, अगदी बाजरीच्या भाकरीतलं फॅटसुद्धा आलं. बाटलीतून किंवा बरणीतून आपण स्वतः काढून घेतो ते तेल-तूप यातलं साधारण निम्मं. म्हणजे बाईमाणसाला दिवसाला चार ते पाच छोटे चमचे, पुरुषाला पाच-सहा. नाश्ता, दोन्ही जेवणं आणि चार वाजताची चिवड्याची मूठ, सगळं त्यात धरून.

आकडा अवघड नाही. अवघड आहे ते मोजणं. आपल्याकडे पीठ वाटीने, तांदूळ मापाने आणि तेल अंदाजपंचे पडतं. वजनाचा काटा अडतो तो बहुतेक वेळा इथेच.

नवाने भागा

एक ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात. पीठ, भात, साखर यांतल्या कार्बोहायड्रेटमधून ग्रॅममागे ४, प्रथिनांतूनही ४. पाच मिलीच्या छोट्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं, म्हणजे ४० कॅलरी. पंधरा मिलीच्या मोठ्या चमच्यात १४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सव्वाशे. फोडणी करताना हात जरा सैल सुटला की एका चपातीएवढ्या कॅलरी वाढतात आणि ताटात काही वाढल्यासारखं दिसतही नाही. तेल बदनाम झालं ते या अदृश्यपणामुळे.

समजा, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एक ताई आहेत. वय चाळिशीचं, वजन ७२ किलो, दिवसभर टेबलावरचं काम आणि संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास चालणं. वजन आहे तिथेच ठेवायला त्यांना रोज साधारण १८०० कॅलरी लागतात. त्यांनी चारशे कमी केल्या, राहिल्या १४००. त्याचा पाव हिस्सा फॅटमधून घ्यायचा म्हटलं तर ३५० कॅलरी, नवाने भागल्या की ३९ ग्रॅम. २० टक्के धरलं तर ३१ ग्रॅम, ३० टक्के धरलं तर ४७. या दोन टोकांच्या मध्ये कुठेही राहिलं तरी चालतं. टक्केवारीचा कंटाळा असेल तर जिथे पोचायचंय त्या वजनाला ०.६ ते ०.८ ने गुणा. ताईंना ६० किलोवर यायचंय, म्हणून ३६ ते ४८ ग्रॅम. दोन्ही वाटांनी आपण एकाच गावात पोचतो.

हे आकडे हवेतले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी, की मोठ्या माणसाने एकूण कॅलरींपैकी ३० टक्क्यांपर्यंत फॅटमधून घ्यावं आणि १५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींचं जे ताट आहे, त्यात तेल-तूप २७ ग्रॅम आणि दाणे-बिया ३५ ग्रॅम आहेत. ते ताट धडधाकट माणसाचं, वजन उतरवणाऱ्याचं नव्हे. ताईंच्या १४०० कॅलरींच्या हिशोबाने ते आखडलं की तेल-तूप १९ ग्रॅमवर येतं. म्हणजे चार चमचे आणि वर थेंबभर.

चाळीत कोण जातं?

'तेल खाल्लं की तेच अंगाला लागतं का?' हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. उत्तर कांद्याच्या गावातल्या माणसाला चटकन पटतं, म्हणून तसंच देतो.

लासलगाव-पिंपळगावकडे लाल कांदा निघाला की तो लगेच मार्केटला न्यावा लागतो, कारण तो टिकत नाही. उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये भरतात आणि भाव बघून महिनोन्‌महिने काढतात. शरीराचाही असाच व्यवहार चालतो. भात-पोळीतून आलेल्या साखरेला साठवायला जागा फार थोडी. यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं साठवायचं रूप, ठेवतात, बस्स. त्यामुळे ही आवक आली की आधी तीच खर्ची पडते. फॅट मात्र चाळीचा माल. चाळही केवढी, तर सत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर पंधरा किलो चरबी सहज असते, म्हणजे लाखभर कॅलरींचा साठा. शिवाय फॅट साठवायला शरीराला जवळजवळ खर्चच येत नाही. प्रथिनं पचवण्यातच त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी जातात, फॅटला फार तर ३ टक्के.

यातून दोन लोकप्रिय समजुती निकालात निघतात. पहिली, 'पोळी-भाताची चरबी होते'. रोजच्या जेवणात पोळीची थेट चरबी फारच थोडी होते. पोळी आधी जळते, आणि तिच्यामुळे त्याच ताटातलं तूप चाळीत पडून राहतं. दोष कुणा एकाचा नाही, दोघांच्या बेरजेचा आहे. दुसरी समजूत कीटोवाल्यांची. भात-पोळी बंद करून भरपूर तूप-चीज खाल्लं की शरीर 'फॅट बर्निंग मोड'मध्ये जातं म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण तेव्हा जास्त फॅट जळतं ते जास्त फॅट येतंय म्हणून. चाळीतला माल कमी झाला का, हे बघायचं तर दिवसाची विक्री दिवसाच्या आवकेपेक्षा जास्त झाली का तेच बघावं लागतं. कुठला कांदा विकला याने चाळ रिकामी होत नाही.

नाशिकला वाइनचं शहर म्हणतात, म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो. अल्कोहोलच्या ग्रॅममागे ७ कॅलरी आणि त्याला साठवणूक नाहीच. ते रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसतं आणि ते संपेपर्यंत फॅट जाळायचं काम मागे पडतं. त्याच्याबरोबर मसाला शेंगदाणे आले की चाळीत नेमकं काय जाणार, हे आता वेगळं सांगायला नको.

मग कमी फॅट बरं की कमी कार्ब? स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांना दोन गटांत विभागून वर्षभर हेच तपासलं. २०१८ मध्ये निकाल आला. कमी फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्बवाल्यांचं ६ किलो, आणि हा फरक संशोधकांनी दखल घेण्याजोगा धरला नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. दोन्ही गटांत कुणाचं वजन वीस किलोंहून जास्त उतरलं, तर कुणाचं उलट वाढलं. म्हणजे पद्धत कोणती यापेक्षा ती कोणाला किती दिवस जमली, याचा फरक कितीतरी मोठा होता. ज्याला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्याने फॅट २० टक्क्यांकडे ठेवावं. ज्याला अंडी, पनीर, मूठभर दाण्यांवर निभावतं त्याने ३० टक्क्यांपर्यंत जावं आणि भात कमी करावा. दोघांनी बेरीज सांभाळावी.

शून्य तेलाचा उत्साह

तेल कमी करायचं ठरवलं की काही लोक ते बंदच करतात. उकडलेल्या भाज्या, कोरडी भाकरी, पाण्यात शिजवलेले पोहे. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो (त्यात पाणीच बरंच असतं), आणि हा बाणा आणखी घट्ट होतो.

शरीराला दोन फॅटी आम्लं बाहेरूनच मिळावी लागतात, ती त्याला बनवता येत नाहीत. लिनोलेइक हे ओमेगा-६ मधलं आणि अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ मधलं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं फॅटबरोबरच आत शोषली जातात. गाजराची कोशिंबीर अगदी कोरडी खाल्ली तर त्यातलं कॅरोटीन (ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते) बरंचसं तसंच बाहेर पडतं. आजी कोशिंबिरीवर चमचाभर फोडणी आणि दाण्याचा कूट घालायच्या, त्यात चवीइतकाच उपयोगही होता.

पण मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती पित्ताशयाची, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. जेवणात फॅट आलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त आतड्यात सोडतं. दिवसेंदिवस फॅटच आलं नाही तर पित्त आत साचून घट्ट होतं. त्यातच वजन झपाट्याने उतरत असेल तर यकृत पित्तात नेहमीपेक्षा जास्त कोलेस्ट्रॉल सोडतं. दोन्ही एकत्र आले की खडे व्हायला पोषक परिस्थिती तयार. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवणाऱ्यांमध्ये हा धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे. म्हणून दिवसाचं सगळं फॅट रात्रीच्या जेवणात उरकण्यापेक्षा निदान एका-दोन जेवणांत दहा ग्रॅमच्या आसपास येऊ द्यावं. वरणावर चमचाभर तूप आणि भाजीला फोडणी, एवढ्यात ते होतं.

आणि एक व्यावहारिक कारण आहेच. बिनतेलाच्या भरतावर माणूस दहा दिवस काढतो, अकराव्या दिवशी घरी कुणाचा तरी वाढदिवस निघतो.

नाशिकचं ताट

मिसळीला वगळून नाशकात आहाराबद्दल लिहिणं म्हणजे गोदाघाटावर जाऊन रामकुंड न बघण्यासारखं. तेव्हा एक प्लेट समोर घेऊनच बसू.

ताटलीत मटकीची उसळ, वर फरसाण, बाजूला कांदा-लिंबू, दह्याची वाटी, तळलेला पापड, आणि वेगळ्या वाटीत रस्सा. या रस्स्यावर लाल तवंग तरंगत असतो. तर्री मागितली की वाढणारा दादा पळी मुद्दाम वरच्यावर फिरवून तवंगच उचलतो, कौशल्यच असतं ते. आता अंदाज घेऊ. मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम फरसाणात १५ ग्रॅमच्या आसपास फॅट. तवंगाचे दोन मोठे चमचे पोटात गेले तर २५ ते २८. उसळीची फोडणी आणि पापड मिळून सात-आठ. बेरीज पन्नासच्या घरात. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि ताईंचं दिवसाचं फॅट संपून वर थोडं उधार झालंय. पुढे गुलाबजाम किंवा जिलबी आहेच, तिला आपण शिष्टाचार म्हणून मोजत नाही.

मिसळ सोडा, असं मी सांगणार नाही. गंगापूर रोडला राहून ते पाळता येणारही नाही. मिसळीची गंमत अशी, की तिच्यातला मटकीचा भाग वजन उतरवणाऱ्याला चांगलाच आहे. प्रथिनं आहेत, चोथा आहे, पोट भरतं. फॅट आहे ते वरच्या दोन थरांत. रस्स्याची वाटी दोन मिनिटं न हलवता ठेवा, तेल वर येऊ द्या आणि चमचा खाली घालून घ्या. दुसऱ्यांदा वाढायला आले की 'दादा, खालचा रस्सा द्या' म्हणा. तो एकदा बघेल, पण देईल. फरसाण निम्मं बाजूला काढा, दही आत घाला. मसाल्याची चव तशीच राहते आणि पंचवीसेक ग्रॅम फॅट, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी वाटीतच राहतात. महिन्यातून एकदा जाणाऱ्याने एवढंही करू नये, मजेत खावी. दर रविवारी जाणाऱ्याने करावं.

उपवासाचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे पाप-पुण्याचा हिशोब आड येतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारे घरी आले की खिचडीवर तुटून पडतात, ते ठीक आहे, तेवढं चालून आलेत. पण नुसता सोमवार करून टेबलावर बसणाऱ्याचं काय? साबुदाण्यात फॅट जवळजवळ नसतं. खिचडीच्या एका प्लेटला तीस ग्रॅम कूट पडला तर त्यातून १२ ते १४ ग्रॅम, आणि तीन चमचे तूप म्हणजे आणखी तेवढंच. वर बटाट्याचे वेफर्स आले तर शंभर ग्रॅमला ३५. शिवाय त्यात प्रथिनं नावालाच, म्हणून दोन तासांनी पुन्हा भूक. वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी आणि ताक यावर उपवास निम्म्या फॅटमध्ये होतो.

इथे शेंगदाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'प्रोटीनसाठी खातो' म्हणून जिममध्ये जाणारी मुलं दिवसभर दाणे चघळतात. शंभर ग्रॅम दाण्यांत प्रथिनं पंचवीसेक ग्रॅम आणि फॅट चाळीस ते पन्नास. त्यातल्या दोनतृतीयांशांहून जास्त कॅलरी फॅटच्याच. दाणे उत्तम आहेत, पण ते तेलाच्या खात्यावर लिहायचे, डाळीच्या नाही. मूठभर दाणे खाल्ले त्या दिवशी दोन-तीन चमचे तेल कमी. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त फॅट, आणि तेही बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड). भरल्या वांग्याच्या मसाल्यात दाणे, खोबरं, तीळ आणि वर तेलाचा तवंग अशी चौघांची मैफल असते. चौघांनाही बोलवायची गरज नाही. दाणे आणि तीळ असतील तर तेल निम्म्यावर आणता येतं, कारण वाटणाला स्वतःचंच तेल सुटतं.

जवसाची चटणी मात्र मी जाणीवपूर्वक वाढवायला सांगेन. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं आणि शाकाहारी घरात त्याचे स्रोत मोजकेच. रोज एक मोठा चमचा भरड जवस, फॅट तीनच ग्रॅम. भरडच हवी. अख्खे जवस न पचता जसेच्या तसे निघून जातात. पेठ-सुरगाण्याकडची खुरासणी चवीला तितकीच भारी, पण तिच्यात मुख्यतः ओमेगा-६ आहे, म्हणून जवसाची जागा तिला देता येत नाही.

महिन्याचं तेल मोजा

चमच्याने मोजा, असं सगळेच सांगतात. ते टिकत नाही. कारण जो वजन उतरवतोय तो आणि जो स्वयंपाक करतोय तो बऱ्याच घरांत एक नसतो, आणि भाजी सगळ्यांची एकाच कढईत होते. 'माझ्या वाट्याचं तेल किती' हे त्या कढईला विचारून उपयोग नाही.

म्हणून घराचं तेल महिन्यावर मोजावं. एक तारखेला घरात किती लिटर आहे ते पिशवीवर मार्करने लिहा, महिनाभरात जेवढं आणलं ते मिळवा, महिनाअखेरीस उरलेलं वजा करा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९२० ग्रॅम भरतं. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम. चार लिटरला ३१. तीन लिटरला २३. यात तुपाची बरणीही धरायची. अर्धा किलो तूप चौघांत महिन्याला म्हणजे माणशी चार ग्रॅम. हा आकडा पहिल्यांदा काढल्यावर बहुतेक घरांत थोडी शांतता पसरते, कारण 'आमच्याकडे तेल फार नाहीच' असं सगळ्यांनाच वाटत असतं. आणि हे झालं नुसतं घरातलं. बाहेरचा वडापाव, शेव, बिस्किटं यात नाहीत.

चौघांपैकी एकालाच वजन उतरवायचं असलं तरी साडेतीन लिटरवर आलेलं कोणाचंही बिघडत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना वरून तूप द्या, खेळून येतात ती. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी घरचं महिन्याचं तेल दहा टक्के कमी करा, असं आवाहन केलं होतं. राजकारण बाजूला ठेवून बघितलं तर त्यातलं एकक बरोबर होतं: महिना आणि घर.

कमी कसं करायचं? एकदम नको, घरात बंड होतं. पाचवरून साडेचार, मग चार. लोखंडी कढई चांगली मुरलेली असेल तर भाजी चिकटत नाही. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर भाजी शिजवायची आपली जुनी रीत आहे, तिच्यात तेल निम्मं लागतं आणि भाजी करपत नाही. मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती वरून फोडणी. आमटी किंवा पालेभाजी शिजताना तेल घालायचंच नाही, शेवटी छोट्या पळीत दोन चमचे तेल तापवून मोहरी, लसूण, मिरची तडतडवून वरून ओतायचं. तेलाचा वास आणि तकाकी वरच राहते, त्यामुळे दोन चमचे चारासारखे लागतात. दिवाळीचा महिना मात्र मोजू नका. चकल्या तळताना हिशोबाची वही काढणाऱ्या माणसाला घरात कोणी चहा देत नाही.

कुठलं तेल, हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न

नाशकात आता गल्लोगल्ली लाकडी घाणे झालेत. तिथे हा संवाद हमखास ऐकू येतो:

'दादा, वजन कमी करायला कुठलं तेल न्यावं?'

'करडई न्या ताई, एकदम हलकं.'

'आणि शेंगदाण्याचं?'

'तेही चांगलंच. आपलं घाण्याचं आहे, कितीही खा.'

घाण्याच्या तेलाचा वास, चव अप्रतिम असते यात वाद नाही. पण घाण्याचं असो, रिफाइंड असो की खोबरेल, ग्रॅममागे नऊच कॅलरी. 'कितीही खा' हे वाक्य कुठल्याच तेलाला लागू नाही. हलकं-जड हा फरक तोंडाला कळतो, काट्याला नाही. हृदयाच्या दृष्टीने मात्र फरक आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी या तेलांत असंपृक्त फॅट जास्त, आणि ती आलटून-पालटून वापरणं चांगलं. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांत संपृक्त जास्त. संपृक्त फॅट एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांत ठेवायचं, म्हणजे ताईंना पंधरा ग्रॅम. एका छोट्या चमचा तुपात ते तीन ग्रॅम असतं. तेव्हा दोन चमचे तूप आरामात बसतं, आणि रिकाम्या पोटी कॉफीत तूप घालून पिण्याची फॅशन बसत नाही. तूप चरबी वितळवतं, या दाव्याला आधार नाही. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेलं काळं तेल यांवर चर्चाच नको. अन्नपदार्थांतल्या तेल-तुपात ट्रान्स फॅट (हृदयाला घातक असलेला फॅटचा प्रकार) २ टक्क्यांच्या वर नसावं, हा नियम देशात जानेवारी २०२२ पासून आहे, पण रस्त्यावरच्या कढईत तेल कितव्यांदा तापतंय हे आपल्यालाच बघावं लागतं.

दुधाचं एका दमात सांगतो. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. दिवसाला अर्धा लिटर दूध-दही-चहा जात असेल तर फुल क्रीमचे ३० ग्रॅम, टोन्डचे १५. म्हशीच्या दुधाचा चहा सुटत नसेल तर दुधाचं प्रमाण कमी करा. साय काढून विरजण लावणाऱ्या घरात हे आपोआप होतं, फक्त त्या सायीचं तूप परत त्याच माणसाच्या पोळीवर जाऊ नये.

तीन आठवडे काटा जागचा हलला नाही तर आधी तेलाची वही बघा, मग बाहेरचं खाणं, आणि दोन्ही ठीक असेल तरच भात-पोळीला हात लावा. प्रथिनं कमी करू नका, वजन उतरताना स्नायू टिकवायला तीच लागतात.

वरचे आकडे तब्येत ठीक असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहेत. रक्तातलं ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार) ५०० च्या वर गेलंय, स्वादुपिंडाला कधी सूज येऊन गेली आहे, पित्ताशयात खडे आहेत, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत, किंवा पोटात बाळ आहे, अशांचा आकडा डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याकडे जाताना रक्ताच्या रिपोर्टबरोबर घरातली माणसं किती आणि महिन्याला तेल-तूप किती लागतं, हे कागदावर लिहून न्या. 'तेल कमीच खातो' हे ते दिवसातून वीस वेळा ऐकतात, त्यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.